पेन्सिलीने लिहिलेल्या तक्रारी

पातेल्यावर झाकण ठेवताना त्या मध्ये फडक्याचं टोक धरायच्या.

दार दोन हातांनी लावायच्या. एक हात कडीवर, दुसरा फळीवर.

जिना उतरताना चपला हातात घ्यायच्या, दुपारचे बारा वाजेपर्यंत. वरच्या मजल्यावरचे दोन वेटर रात्री फार उशिरा झोपलेले असायचे.

त्यांच्या फोनची दुसरी रिंग कधी कुणी ऐकली नाही.

पेन्सिलीला दोन्हीकडून टोक असायचं. एक बोथट झालं की पेन्सिल उलटी करायची. टोकयंत्राची करकर फोनवरच्या माणसाला कशाला ऐकवायची?

खोडरबराचा चुरा त्या फुंकायच्या नाहीत. तळहातावर गोळा करायच्या.

राग आला की त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. लेक म्हणायची, "आई कुजबुजायला लागली. पळा."

गल्लीत सगळे त्यांना हळूबाई म्हणत. तोंडावरसुद्धा. "शिव्यांपेक्षा बरं," एवढंच त्या म्हणायच्या.

ही गल्ली पूर्वी घाऊक कापडाची. दिवसा गठ्ठ्यांची ओढाताण, संध्याकाळी सातला सगळी शटरं खाली. मग कापडाचा धंदा बसला आणि शटरं सकाळीही उघडेनाशी झाली. गल्लीत काळोख साचला. कामावरून उशिरा सुटणाऱ्या बायका लांबचा वळसा घालून घरी यायच्या. हळूबाईही त्यांतल्याच एक. तेव्हा त्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या.

मग कापडवाल्यांच्या धाकट्या मुलाने वडिलांच्या दुकानात बार काढला. कापड मोजायची लांब टेबलं तशीच ठेवली आणि त्यांवर ग्लास मांडले. लोक हसले. वर्षभरात लोक रांगेत उभे राहिले. एकाचं पाहून दुसऱ्याने काढला, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. अकरा झाले. गल्लीत उजेड आला, माणसं आली, आवाज आला. तिन्ही एकाच दाराने.

वर राहणारी माणसं मात्र तीच होती. वरून पाणी ओतणं झालं, खालून शिव्या झाल्या, एकदा बाटली झाली. पोलीस येऊन येऊन कंटाळले. शेवटी दुकानदार आणि रहिवासी एका टेबलाशी बसले आणि त्यांनी एक गोष्ट ठरवली. बार अकराला बंद होतील. तोवर ज्याला त्रास होईल त्याने पोलिसांना नाही, भांडायला खालीही नाही, एका ठरलेल्या नंबरावर फोन करायचा. फोनवर असं माणूस बसवायचं की जे दोन्हीकडचं ऐकेल.

निवृत्त होऊन घरी बसलेल्या हळूबाईंचं नाव दोन्हीकडून एकदमच आलं. या गल्लीत एकमत झाल्याची तेवढीच एक नोंद.

गल्लीच्या तोंडाशी जुन्या सिनेमाची तिकीटखिडकी होती. सिनेमा केव्हाच गेला होता. खिडकीमागच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक फोन आणि गुडघे मावतील एवढी जागा. तिथे त्या संध्याकाळी सहाला येऊन बसायच्या. सहा वर्षं बसल्या.

काम बाहेरून सोपं दिसायचं. फोन घ्यायचा, फोन करायचा, "जरा हळू घ्या" म्हणायचं. पण त्यात त्यांची अक्कल होती. पहिल्या मजल्यावरची माणसं कधी गाण्याबद्दल तक्रार करत नाहीत, ती जमिनीतून येणाऱ्या दणक्याबद्दल करतात. तिथे आवाज कमी करून उपयोग नसतो, स्पीकर जमिनीवरून उचलून खाली कापसाची गादी घालावी लागते. दुसऱ्या मजल्याला गाणं शब्दांसकट ऐकू येतं. तिथे खिडकीकडचा स्पीकर फिरवायचा. तिसऱ्या मजल्याला ना दणका ना गाणं. त्यांना दारात उभं राहून निरोप घेणारी माणसं जागी ठेवतात. अशांना बोलायचं नसतं, नुसता दारातला दिवा मंद करायचा. माणसं आपोआप चालायला लागतात. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

बारमधून विचारणा व्हायची, "कोण ओरडलं, काकू?"

"मीच."

"तुम्ही तर गल्लीच्या त्या टोकाला बसता!"

"माझे कान लांब आहेत."

सहा वर्षांत त्यांनी एकदाही दुसरं नाव घेतलं नाही. वरचा खालच्यावर रागावला, हे खालच्याला कळू दिलं नाही. सकाळी दोघं जिन्यात भेटायचे आणि एकमेकांना हसायचे.

दुसऱ्या मजल्यावर भूमितीच्या बाई राहायच्या. वय एक्याऐंशी. त्यांचा फोन रोज दहा वीसला.

"आज पुन्हा तोच त्रिकोण गं," त्या म्हणायच्या. "स्पीकर, भिंत आणि माझं डोकं."

"कोणता त्रिकोण, बाई?"

"समभुज. तिन्हीकडून सारखाच ताप."

हळूबाई वहीत पेन्सिलीने लिहायच्या. वेळ, मजला, काय त्रास. मग फोन करायच्या. दहा मिनिटांनी उलटा फोन करून विचारायच्या, "आता बरं?" बरं असलं की ओळ खोडून टाकायच्या. वहीत उरायचं ते न सुटलेलं तेवढं.

ही इस्पितळातली सवय. बावीस वर्षं त्यांनी बोर्डावर काढली होती. डॉक्टर सापडला की चिठ्ठी फाडायची, रक्त पोचलं की चिठ्ठी फाडायची. टेबलावर चिठ्ठी दिसली म्हणजे कुठेतरी कुणीतरी अजून वाट पाहतंय. म्हणून रिकामं टेबल त्यांना चांगलं वाटे. रोज घरी जाताना वहीचं पान रिकामं आहे ना, हे त्या दिव्याखाली धरून बघायच्या. आणखी एक कारण होतं. वही उद्या कुणाच्या हाती पडली तर कोण कुणाविरुद्ध बोललं हे कुणाला कळायला नको.

अशी वर्षं गेली. घरात मात्र एक माणूस होता, ज्याने त्या नंबरावर कधीच फोन केला नाही.

त्यांचे यजमान बस चालवायचे. शहराची पहिली बस. डेपोतून सव्वाचारला निघणारी. गल्ली त्यांना पहिल्या बसचे काका म्हणायची. काका सव्वातीनला उठायचे. घड्याळ उशीखाली ठेवायचे, घरात दुसऱ्या कुणाची झोप मोडू नये म्हणून.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरची खोली गल्लीवर, आणि तिच्या बरोबर खाली कापडवाल्यांचा बार. आतल्या खोलीखाली त्याच बारचं स्वयंपाकघर, धूर ओढून घेणारा पंखा आणि बर्फाच्या कपाटाची मोटर. काकांनी सगळं करून पाहिलं होतं. आत झोपून पाहिलं. मोटर घरघरायची. कानात कापूस घालून पाहिला. त्या दिवशी घड्याळ ऐकू आलं नाही आणि पहिली बस वीस मिनिटं उशिरा सुटली. तेवढा एकच शेरा त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत होता. कापूस त्याच दिवशी गेला.

मग त्यांनी हिशेब बसवला. आठला आडवं व्हायचं. अकरापर्यंत नुसतं डोळे मिटून पडायचं, ती झोप धरायची नाही. अकराला बार बंद होतात, सव्वाअकराला गल्ली रिकामी होते. तिथून सव्वातीनपर्यंत चार तास.

"चार तास सलग मिळाले ना," काका म्हणायचे, "की माणूस माणसात राहतो. दुपारची झोप म्हणजे शेजाऱ्याची साखर. गोड लागते, पण आपली नाही."

आणि खाली, त्याच बारच्या स्वयंपाकघरात, त्यांची लेक काम करायची. सव्वीस वर्षांची. भांडी घासण्यापासून सुरुवात करून ती शेगडीपर्यंत पोचली होती. तिच्या हाताखाली चार माणसं होती. वर बाप झोपेची वाट बघायचा, खाली लेक कढई हलवायची, आणि गल्लीच्या तोंडाशी आई फोनवर म्हणायची, जरा हळू घ्या. आपलेच दात, आपलेच ओठ. काका म्हणूनच फोन करत नसत. हळूबाईंनी एकदा विचारलंही होतं.

"अहो, तुमची नोंद घेऊ का?"

"माझी कसली नोंद? मी काय भाडेकरू आहे?"

तो विषय तिथे मिटला. मिटला असं त्यांना वाटलं.

सहाव्या वर्षी नदीपलीकडच्या भागात नवे बार निघाले. ते दीडपर्यंत चालायचे. इकडची गिऱ्हाइकं साडेदहालाच घड्याळ बघायला लागली. अर्धं जेवण टाकून माणसं पूल ओलांडायची. कापडवाल्यांच्या धाकट्याने अर्ज केला. आमचीही वेळ दीड करा. अकरा बारवाल्यांच्या सह्या.

तो स्वतः येऊन हळूबाईंना सांगून गेला. लपवलं नाही.

"काकू, असंच चाललं तर स्वयंपाकघरात बारा माणसांची पाच करावी लागतील. तुमच्या लेकीला मी शेवटी काढीन. पण शेवट येतोच."

"वरची माणसं?"

"सुनावणीत सगळे बोलतील की. तुम्ही पण बोला. तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

हे त्यांना पटलं. आपल्याइतकं खरंच कुणाला माहीत नव्हतं.

सुनावणी सकाळी अकराला होती. मोठा हॉल, पुढे परवाना अधिकारी, टेबलावर पाण्याची बाटली. माइक सुरू करताच शिटी वाजली. भूमितीच्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "आधी याचा परवाना तपासा." सगळे हसले. अधिकारीही हसले. माणूस वाईट नव्हता.

रहिवासी बोलले. पण सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य आलंच. आता हळूबाई आहेत म्हणून निभतंय. बारवाले बोलले. त्यांच्याही बोलण्यात तेच वाक्य.

मग अधिकाऱ्यांनी हळूबाईंना बोलावलं आणि वही मागितली. हळूबाईंनी ती दोन हातांनी दिली. सहा वर्षं जपलेली, कोपरे न मुडपलेली. अधिकारी पानं उलटत गेले. बराच वेळ नुसता पानांचा आवाज.

"एकवीस," ते म्हणाले.

"काय?"

"सहा वर्षांत एकवीस तक्रारी."

"नाही, नाही. रोज सहा-सात फोन यायचे. शनिवारी पंधरा-पंधरा."

"मग नोंद?"

"मिटलं की खोडते."

अधिकाऱ्यांनी पान उजेडाकडे धरलं. कागदावर पेन्सिलीचे वळ होते. एकावर एक, इतके की एकही वाचता येत नव्हता.

"बाई, मी मानतो तुमचं. पण वळांवर मला काही लिहिता येत नाही."

मागे कापडवाल्यांचा धाकटा उभा राहिला. "साहेब, फोन रोज येतात हे खरं आहे. मला स्वतःला येतात."

"अर्ज तुमचाच ना? वेळ वाढवायचा?"

"हो."

"मग तुमची नक्की बाजू कोणती?"

तो खाली बसला. काय करणार? त्याच्या हाताखाली बारा माणसं होती.

आठवड्याभराने निकाल आला. वेळ दीडपर्यंत. खाली दोन ओळी होत्या. तक्रारनिवारणाची अशी व्यवस्था शहरात अन्यत्र नाही. ती विद्यमान स्वरूपात चालू राहील या अटीवर परवानगी देण्यात येत आहे.

म्हणजे हळूबाई खुर्चीत बसल्या होत्या म्हणून दीड झाला. आणि त्यांना उठायचीही सोय नव्हती. त्या उठल्या तर अट मोडणार, परवानगी जाणार, आणि लेकीच्या शेगडीखालचा जाळ विझणार. बसल्या तर काकांचे चार तास जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशातली गत.

संध्याकाळी कापडवाल्यांचा धाकटा खिडकीशी आला. फुलं घेऊन आला होता. "काकू, तुमच्यामुळे झालं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. त्यांनी फुलं घेतली. ठेवायला टेबलावर जागा नव्हती. बराच वेळ त्या ती हातात धरून बसल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी नवा हिशेब बसवला. दीडला बंद, दोनला गल्ली रिकामी, सव्वातीनला उठायचं. सव्वा तास. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि हसले. "चला, निदान घड्याळाला वाट बघावी लागत नाही."

हळूबाई फोन करत राहिल्या. पलीकडून पोरं नम्रपणे म्हणायची, "काकू, आता दीडपर्यंत परवानगी आहे."

"परवानगी वेळेची आहे. आवाजाची नाही."

"बरोबर आहे काकू. घेतो हळू." आणि घ्यायचेही. वीस मिनिटं.

दोन महिने असे गेले. काका जेवताना घास हातात धरून थांबायला लागले. एकदा जिन्यात उभ्या उभ्या डुलकी लागली. पहिल्या पायरीवर. हळूबाईंनी पाहिलं. काय बोलणार होत्या? निकालाची एक प्रत त्यांच्याच घरात होती.

नवव्या आठवड्यात, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, काकांची बस दुसऱ्या फेरीत शाळेजवळच्या वळणावर सरळ गेली. फुटपाथवर चढली, थांब्यावरचं बाकडं चिरडलं आणि खांबाला टेकून थांबली. बसमध्ये दोन माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही. बाकड्यावर कुणी नव्हतं. पाच मिनिटांपूर्वी तिथे तीन माणसं बसली होती. ती पुढच्या थांब्याकडे चालत गेली होती, बस उशिरा येतेय असं वाटून.

काकांनी चौकशीत सांगितलं, समोर कुत्रं आलं.

घरी येऊन हळूबाईंना सांगितलं ते वेगळं. "मला वळण आठवतच नाही गं. मला त्याच्या आधीचा चौक आठवतोय. मग काच."

त्या दिवशी दुपारी हळूबाई परवाना कार्यालयात गेल्या. निकालावर नव्वद दिवसांत अपील करता येतं, हे त्यांनी निकालाच्या पाठीमागे बारीक अक्षरात वाचलं होतं. सव्वीस दिवस उरले होते. खिडकीवरच्या कारकुनाने छापील रकान्यांची नोंदवही दिली.

"तक्रारी शाईने लिहायच्या. तारीख, वेळ, त्रास, सही. आणि पहिली ओळ जपून भरा, मावशी. ज्याचं प्रत्यक्ष नुकसान झालंय त्याची सही पहिल्या ओळीत लागते. बाकीच्या नुसत्या पाठिंब्याच्या. पहिली ओळ रिकामी असेल तर आम्ही घेतच नाही."

हळूबाईंनी पहिली ओळ सोडली आणि दुसरीपासून सुरुवात केली.

बावीस वर्षं बोर्डावर काढलेल्या बाईची आठवण साधी नसते. त्यांना तारखा आवाजांवरून आठवत. अमकी बाई रडत बोलली होती, तेव्हा तिचं बाळ आठ दिवसांचं होतं. तमका माणूस कुजबुजत होता, कारण त्याच्या आईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आठवायचं, पडताळायचं, शाईने लिहायचं. खोडलेलं सगळं त्या पुन्हा लिहीत होत्या. तेरा दिवसांत बासष्ट ओळी झाल्या. मग त्या सह्यांसाठी निघाल्या. चपला हातात घेऊन, जिने चढत.

"तक्रार?" तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली. "मी कुठे तक्रार केली होती? मी तुम्हाला सांगितलं होतं."

"तेच ते, बाळ."

"नाही हो काकू. सांगणं वेगळं. हे कागदावर."

शेजारच्या इमारतीतल्या जोडप्याने घर विकायला काढलं होतं. "आमची सही दिसली तर घेणारा जिना तरी चढेल का?" एकाचा जावई सातव्या बारमध्ये गल्ल्यावर होता. तो सासरा म्हणाला, "आम्ही आपले अळीमिळी गुपचिळी." एकाने सरळ विचारलं, "तुमच्या लेकीने केली का सही?"

खरं तर त्यांच्याच कामाची ही फळं होती. सहा वर्षं त्यांनी कुणाचं नाव बाहेर येऊ दिलं नव्हतं. आता कुणाला आपलं नाव बाहेर नको होतं.

भूमितीच्या बाईंनी मात्र चष्मा लावला, पेन घेतलं आणि आपल्या अकरा ओळींपुढे अकरा सह्या केल्या. एकसारख्या, रेघेवर.

"घे. पण एका माणसाच्या अकरा सह्या म्हणजे एकच सही. एवढं गणित त्यांनाही येत असेल."

एकूण चौदा झाल्या. बाईंच्या अकरा धरून.

लेक एका दुपारी आली ती हात न पुसताच.

"आई, तू जिने चढतेयस आणि मी खाली कांदे चिरतेय. लोक काय म्हणत असतील?"

"काय म्हणतात?"

"म्हणतात, हळूबाईंच्या घरी दोन चुली आहेत. एक पेटवायची, एक विझवायची."

"बाबांचं बघतेयस ना तू?"

"बघतेय." ती खाली बसली. "मी त्यांना म्हटलं, मी सोडते काम. तर म्हणाले, तू सोडलंस म्हणून आवाज थोडाच कमी होणार आहे?" मग ती आईच्या खांद्याला कपाळ लावून तशीच बसली. हाताला कांद्याचा वास होता, म्हणून दोघींनाही कशाचा खुलासा करावा लागला नाही.

अपिलाची मुदत शुक्रवारी पाचला संपत होती. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, खिडकीवर जाण्याआधी, हळूबाईंनी नोंदवही घरच्या टेबलावर उघडली. काका समोर बसले होते. चौकशी पुरी होईपर्यंत त्यांना डेपोच्या अंगणात बसगाड्या धुवायला लावलं होतं. बोटं पाण्याने पांढरी पडली होती.

"अहो, पहिली ओळ तुमची आहे."

हळूबाईंनी पेन उघडलं. यजमानांचं नाव लिहिलं. घर, मजला. मग तारखेच्या रकान्यात लिहू लागल्या, आणि काकांनी कागदावर तळहात ठेवला.

"थांब."

"का?"

"मी चौकशीत काय सांगितलंय?"

"कुत्रं."

"कुत्र्यावर मी सुटेन. झोपेवर नाही सुटणार. मला दोन महिने झोप नव्हती असं मी सही करून दिलं, तर ते विचारतील, मग बस का घेऊन गेलास? काय सांगू?"

"खरं सांगायचं."

"खरं हेच आहे की मी घेऊन गेलो." काकांचा आवाज चढला नव्हता. या घरात तो कधी चढत नसे. "रोज घेऊन गेलो. माहीत असून. अकरा महिने राहिलेत माझे निवृत्तीला. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पण मग सांगायचं कुणी? ज्याला झालं तोच बोलला नाही तर..."

"तू सहा वर्षं कुणाला बोलू दिलंस?"

हे ते टोचून बोलले नव्हते. तरी ते निघून गेलं तोंडातून. खाली गाण्याची चाचणी सुरू झाली. एक दणका, मग थांबणं, मग पुन्हा एक. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं. काकांनी हात उचलला नाही. हळूबाईंनी पेनाचं टोपण लावलं. सहा वाजत आले होते, त्यांना खिडकीवर जायचं होतं. काकांचा हात तसाच ठेवून त्यांनी नोंदवही हळूच ओढून घेतली, मिटली आणि पिशवीत घातली.

शुक्रवारी त्या कार्यालयात गेल्या. बाकावर बसल्या. कारकुनाने दोनदा पाहिलं. साडेचारला त्याने विचारलं, "मावशी, द्यायचंय का काही?" त्या म्हणाल्या, "नाही. बसलेय." पाचला त्याने खिडकी लावली. मोठा आवाज करून लावली. हळूबाई दचकल्या आणि उठल्या.

महिन्याभराने चौकशीत कुत्र्याची गोष्ट मान्य झाली. पण काकांना पुन्हा चाकावर बसवलं नाही. लांबच्या एका डेपोत वेळापत्रक लिहायची बदली दिली, राहायच्या खोलीसकट. आसपास शेतंच शेतं, असं म्हणतात. एका दुपारी टेंपो आला. सामान फार नव्हतं. हळूबाईंनी हमालांना दोनदा सांगितलं, "जरा हळू, वर माणसं झोपलीत." लेक मागे राहिली. तिला स्वयंपाकघराची मुख्य केलं होतं. गल्ली इतकी जोरात कधीच चालली नव्हती.

तिकीटखिडकीत आता दुसरा माणूस बसतो. तो शाईने लिहितो आणि काही खोडत नाही. कागदावर अट पाळली जाते. फोनची रिंग चार-पाच वेळा वाजते.

हळूबाई ठेवून गेल्या ती नोंदवही तिथेच टेबलाच्या खणात आहे. दुसऱ्या ओळीपासून त्रेसष्टाव्यापर्यंत भरलेली. अक्षर सरळ, रेघेवर. पहिल्या ओळीत नाव आहे, घर आहे, मजला आहे. तारखेच्या रकान्यात दिवसाचा आकडा आहे. महिना लिहायचा राहिला आहे.